खांबेवाडीचा धरणारा

आदिनाथ खांबेनं उभ्या जन्मात कुणाला साधी चापट मारली नाही. हे तो स्वतःच सांगायचा, छातीवर हात ठेवून सांगायचा, आणि नवल म्हणजे त्यात तसूभरही खोटं नव्हतं. मारायचे दुसरे. आदिनाथ नुसता धरायचा.

मागून जायचं, दोन्ही काखांतून हात घालायचे, मानेमागं बोटांत बोटं अडकवायची आणि माणूस टाचांवरून उचलायचा. बस्स. एकदा आदिनाथनं धरलं की समोरचा कितीही दांडगा असो, पाय झाडण्यापलीकडं त्याला काही करता येत नसे. अंगच तसं होतं गड्याचं. पोरवयात तालमीत घुमला, मग आकुर्डीच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं लोखंड उचलून उचलून खांदे दाराएवढे झाले. ठेका संपला, गडी घरी बसला, आणि चुलतभाऊ अर्जुनरावानं त्याला पदरी घेतलं. अर्जुनराव म्हणजे गावातला सगळ्यात मोठा कंत्राटदार. अख्खं गाव त्याला तात्या म्हणायचं. भीतीनं म्हणायचं, पण म्हणायचं.

आता तुम्ही विचाराल, कंत्राटदाराला माणसं धरणारा गडी कशाला लागतो? अहो, खांबेवाडी म्हणजे काय ऐरंगैरं गाव आहे? चाकणच्या पट्ट्यातलं गाव! बाजरीच्या रानात कंपन्या उभ्या राहिल्या, कंपन्यांचा कर ग्रामपंचायतीत पडायला लागला, आणि जिथं एकेकाळी सरपंचाला बसायला धड खुर्ची नव्हती तिथं सारख्या निविदा निघायला लागल्या. आज रस्ता, उद्या गटार, परवा पाण्याची टाकी. निविदा सरकारी, कॉम्प्युटरवरची, सगळ्या जगाला खुली. कुणीही भरावी. नियमात तसंच लिहिलंय.

गावात मात्र भैरोबाच्या देवळात ठरायचं. जत्रेच्या आधी भावकी जमायची, देवापुढं बेल-भंडार उचलून शपथ घ्यायची आणि वर्षभराच्या कामांचे नंबर लावायची. ज्याचा नंबर, त्यानं सरकारी अंदाजापेक्षा किंचित कमी दर टाकायचा. बाकीच्यांनी त्याला ‘साथ’ द्यायची, म्हणजे मुद्दाम जास्त दर टाकून हरायचं. पूर्वी इर्जिकीला जायचे ना लोक, आज तुझं रान नांगरू, उद्या माझं, तशातलाच प्रकार. फक्त ह्या इर्जिकीत बैल फिरून फिरून तात्याच्याच रानात शिरायचे. कधी नंबर तात्याचा, कधी त्याच्या पोराचा, प्रज्वलचा, कधी प्रज्वलच्या बायकोचा. आदिनाथच्या घराला कायम साथ.

आणि बाहेरचा कुणी निविदा भरायला आला तर? तर मग आदिनाथ.

मागं भोसरीचा शेखर नावाचा एक इंजिनियर आला होता. कॉम्प्युटरवर कितीही भरा, पण त्याआधी कामाची जागा प्रत्यक्ष बघून पंचायतीचा दाखला घ्यावा लागतो, आणि त्यासाठी माणसाला गावात पाय ठेवावाच लागतो. तेवढंच तात्याला पुरायचं. त्यानं शेखरला आपल्या गोडाऊनवर नेलं, चहा पाजला, घरी कोण कोण असतं विचारलं. मग कप खाली ठेवत शांतपणे म्हणाला, “आद्या, धर.”

आदिनाथनं धरलं. एका पोरानं शेखरचा उजवा हात ओढून सिमेंटच्या पाइपावर दाबला आणि प्रज्वलनं लोखंडी पान्ह्यानं त्याची बोटं चेचली. एकेक करून, सावकाश, सुपारी फोडावी तशी. शेखर आधी ओरडला, मग आईला हाका मारायला लागला, मग नुसता हुंदके देत राहिला. आदिनाथनं मान दुसरीकडं फिरवली होती. पण छाती कुठं फिरवणार? शेखरची पाठ त्याच्या छातीला चिकटलेली, आणि त्या पाठीतून त्या माणसाचं काळीज धाड धाड आपटत होतं ते आदिनाथला स्वतःच्या बरगड्यांत कळत होतं. प्रत्येक वेळी कळायचं. हे मात्र तो कुणाला सांगत नसे.

शेखरनं दवाखान्यात सांगितलं, गाडीवरून पडलो. सगळे तेच सांगायचे.

त्या दिवशी घरी आल्यावर बायकोनं, कस्तुरानं, त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. बाहेरच बादली आणून ठेवली.

“कुणाला मारलं आज?”

“मी कुठं मारतो? मी नुसता धरतो.”

“व्हय तर! बकऱ्याचे पाय धरणारा काय सागुती खात न्हाई?” कस्तुरानं तांब्या आपटला. “धुवा हात. आन् दोनदा धुवा.”

आदिनाथनं मुकाट्यानं हात धुतले. त्याला बायकोचा राग यायचा नाही. त्याला भीती वाटायची ती आत ओट्याशी उभ्या असलेल्या पोरीची. सोनल काही बोलायची नाही. नुसती बघायची, आणि तिच्या त्या बघण्यानं ह्या धिप्पाड बाप्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सोनल त्याची एकुलती एक. स्थापत्यची पदविका घेतलेली, डोक्यानं तल्लख, जिभेनं फटकळ. पंचायतीच्या यादीत तिची सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंद होती. छोट्या कामांत अशा पोरापोरींनाही संधी द्यायची असा सरकारचा नियम. तात्याला हा नियम फार आवडायचा, कारण साथीला एक नाव आयतंच मिळालं. दर वेळी तात्या आकडा सांगायचा, सोनल घरच्या कॉम्प्युटरवर तो टाकायची, आणि ठरल्याप्रमाणं हरायची. गावातल्या कितीतरी गटारांवर आणि रस्त्यांवर ती अशी हरली होती.

“आण्णा, माझा नंबर कधी लागायचा?” ती विचारायची.

“लागंल की. तात्या इसरला न्हाई आपल्याला.”

“तात्या विसरला नाही, पण मी काय शिकले ते मी विसरत चाललेय.”

आदिनाथ हसून सोडून द्यायचा. पोरीच्या डोक्यावर छप्पर आहे, गावात कुणाची तिच्याकडं वाकडी नजर करायची हिंमत नाही, आणखी काय पाहिजे? तात्याशी वाकडं घेतलं तर काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! त्यानं तर ते छातीशी धरून पाहिलं होतं.

मग शाळेमागच्या गटाराचं काम निघालं. कंपन्यांचं पाणी दर पावसाळ्यात शाळेच्या पटांगणात घुसायचं, त्यासाठीचं गटार. नंबर प्रज्वलचा. तात्यानं सोनलला निरोप धाडला, दहा टक्के जास्त टाक. सोनल “बरं” म्हणाली. विषय संपला.

दर उघडायच्या दिवशी दुपारी आदिनाथ गोडाऊनवरच होता. तात्या खुर्चीत पाय पसरून बसलेला, प्रज्वल नव्या मोबाईलशी खेळत, कामावरची तीन-चार पोरं पाइप उतरवत होती. ग्रामसेवकाचा फोन आला. तात्यानं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पेढे मागवायचेच होते.

“तात्या, जरा घोळ झालाय,” ग्रामसेवक भाऊसाहेब चाचरत म्हणाला. “प्रज्वल दुसऱ्या नंबरला आहे.”

“दुसऱ्या? मग पयला कोन?”

“सोनल आदिनाथ खांबे. दहा टक्के कमी.”

गोडाऊनमध्ये सगळे जागच्या जागी थांबले. आदिनाथला लगेच उमगलं, निदान तसं वाटलं. कॉम्प्युटरवर ‘जास्त’ आणि ‘कमी’ एकाखाली एक असतात हे सोनलनंच त्याला एकदा दाखवलं होतं. आकडा बरोबर पडला, बोट खालच्या ओळीवर घसरलं. अरे देवा, पोरी, काय करून बसलीस!

“आता नाव मागं घेतलं तर?” तात्यानं विचारलं.

“तर तिची अनामत जप्त, ती यादीतून बाद, आणि काम परत सगळ्यांना खुलं. पण तिनं लेखी दिलं तर काम तिच्या नावावर जाणं निदान आज तरी थांबवता येईल.”

तात्यानं फोन ठेवला. प्रज्वल उठला, आदिनाथपाशी आला आणि काही कळायच्या आत त्यानं चुलत्याच्या तोंडात भडकावली. ज्या पोराला खांद्यावर बसवून जत्रेतल्या कुस्त्या दाखवल्या, त्या पोरानं!

“बोलवा तिला,” प्रज्वल म्हणाला. “ज्या बोटानं दाबलं ना, ते बोट हितं आणा. परत कीबोर्डला हात लावायची न्हाई आयुष्यात.” त्याचा हात पान्ह्याकडं गेलासुद्धा.

आदिनाथनं तो पान्हा बघितला. शेखरची बोटं नंतर बघितली होती त्यानं, नखं उलटलेली. त्या जागी सोनलची बोटं त्याच्या डोळ्यांपुढं आली. आणि मग त्याच्या तोंडून जे निघालं ते त्यानं स्वतःच आश्चर्यानं ऐकलं.

“तिचा काय संबंध न्हाई. मीच सांगितलं तिला, कमी टाक म्हनून.”

“तू?” तात्या पुढं झुकला.

“मीच. तिला म्हनलं, तात्याचाच निरोप हाय. माझ्या मनात पाप आलं. मला काम पायजे हुतं.”

“बेल-भंडार उचललावता की रं, आद्या.” तात्याचा आवाज एकदम मऊ झाला होता, आणि तो मऊ झाला की पुढं काय होतं हे आदिनाथ जाणून होता. “देवापुढं भंडाऱ्यात हात घातलावता.”

“व्हय. घातला हुता.”

“मग काय करायचं तुझं?”

“जे करायचं ते करा. पोरीला सोडा.”

त्याला धरायला कुणी लागलं नाही. तो आपणहून उभा राहिला, हात खाली सोडून. प्रज्वलनं लोखंडी पाइप उचलला आणि पहिला दणका गुडघ्यावर घातला. आदिनाथ खाली आला. दुसरा बरगडीवर. आत काहीतरी तडकलं आणि श्वास अर्ध्यात अडकला. मग पाठ, मग दंड, मग डावा पंजा, मग पुन्हा पाठ. प्रज्वल शिव्या देत होता, आईबहिणीवरून, कस्तुरावरून, सोनलवरून. आदिनाथ ओठ चावून पडला होता. तोंडात रक्ताची चव आली. त्याच्या डोक्यात एवढंच चालू होतं की ह्यांची मारायची भूक भागली म्हणजे पोरगी वाचली. मारा लेको, पोट भरेस्तोवर मारा. पण इथंच मारा.

मारून मारून प्रज्वल दमला. घाम पुसत त्यानं पाइप टेकवला.

नेमकी तेव्हाच बाहेर स्कूटी थांबली. भाऊसाहेबानं कागदांसाठी सोनलला फोन केला होता आणि तात्याला निकाल कळलाय, तो खवळलाय, हेही बोलता बोलता सांगून बसला होता. ती दारातून आत आली, आणि तिनं बापाला जमिनीवर पडलेलं बघितलं.

“ये, बाळ,” तात्या म्हणाला. “तुझ्या बापानं माती खाल्ली. त्यानं तुला फसवलं. तुझी काय चूक न्हाई. हितं सही कर, नाव मागं घेते म्हनून, आन् बापाला दवाखान्यात ने.”

“कर सही,” आदिनाथ जमिनीवरून पुटपुटला. “कर, पोरी. बोलू नको.”

सोनलनं बापाकडं बघितलं, मग तात्याकडं.

“आण्णांनी मला काही सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली. “आणि माझी चूकही झालेली नाही. मी बघून टाकलंय, तात्या. दहा टक्के कमी. त्या दरात गटार होतंय, नीट होतंय, मी हिशोब करूनच टाकलंय. मला काम करायचंय. तुम्ही ह्यांना मारलंत ते फुकट मारलंत.”

आदिनाथनं डोळे मिटले. त्याला वाटलं, आत्ता ह्या क्षणी धरणी दुभंगावी. एवढा मार पोटात घातला तो एका चुकीपायी, आणि चूक झालीच नव्हती! त्याला पोरीचा राग आला, असा राग की त्या रागात बरगडीची कळसुद्धा विझली. अगं मूर्खे, गप्प बसायला काय झालं होतं तुला? आणि त्याच रागाच्या बुडाशी त्याला तिचा अभिमानही वाटला. त्या अभिमानाचीच त्याला जास्त भीती वाटली.

तात्या खुर्चीतून उठला. आता त्याचा आवाज मऊ नव्हता.

“धरा रं हिला.”

प्रज्वलनं पाइप ठेवून पान्हा उचलला. आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. कुणीच हललं नाही. पाइप उतरवणारी पोरं भिंतीला चिकटली. धरायचं काम त्यांचं नव्हतंच कधी. सगळ्यांनी सवयीनं आदिनाथकडं बघितलं.

आदिनाथ उठला. कसा उठला त्याचं त्यालाच माहीत. एक पाय ओढत, डावा पंजा लोंबकळत, तो एकेक पाऊल टाकत पोरीच्या दिशेनं निघाला.

“शाब्बास,” तात्या म्हणाला. “तुझीच हाय, तूच धर. समदं माफ करतो, आद्या.”

सोनल मागं सरली नाही. तिनं नुसतं बापाच्या डोळ्यांत बघितलं, आणि त्या बघण्यात आदिनाथला कळलं की तिला खरंच वाटतंय. आपला बाप आपल्याला धरणार, असं तिला अगदी खरं वाटतंय. प्रज्वलच्या सगळ्या दणक्यांनी जेवढं लागलं नव्हतं तेवढं त्याला त्या एका नजरेनं लागलं.

तो तिच्या बाजूनं पुढं गेला. तात्याच्या मागं गेला. काखांतून हात घातले, मोडलेल्या पंज्याची बोटं उजव्या हाताच्या बोटांत अडकवली, दात ओठ खाऊन आवळली आणि तात्याला टाचांवरून उचललं.

“ए! ए, आद्या! सोड!”

आदिनाथनं आवळलं. तात्याचा उजवा खांदा कट्‌दिशी सरकला आणि तात्या असा ओरडला की वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. प्रज्वलनं पान्हा टाकून पुन्हा पाइप उचलला आणि आदिनाथच्या पाठीवर तुटून पडला. एक, आणखी एक, आणखी एक. आदिनाथ प्रत्येक दणक्याला हुं करायचा आणि आणखी आवळायचा. तात्याचं काळीज त्याच्या छातीवर आपटत होतं. ह्याही माणसाचं तसंच आपटतं तर!

“घे काम!” तात्या किंचाळला. “घे बाई, घे ते गटार! ह्याला सोडायला सांग! प्रज्वल, थांब, मोडलं, मोडलं माझं!”

पण प्रज्वल थांबायच्या आधी सोनल हलली. जमिनीवरचा पान्हा तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि प्रज्वलच्या मनगटावर घातला. पाइप ठणठणत लांब गेला. दुसरा घाव गुडघ्यावर. प्रज्वल लोळला आणि गुडघा धरून गुरासारखा हंबरायला लागला. सोनलनं त्याच्याकडं पुन्हा बघितलंही नाही. ती वळली.

तात्या समोर होता. बापानं धरलेला, टाचा वर, तोंड उघडं, खांदा निखळलेला. काम द्यायला कबूल झालेला. सोनल त्याच्या पुढ्यात आली आणि तिनं पान्हा डोक्याच्या वर नेला. आदिनाथला तात्याच्या खांद्यावरून तिचा चेहरा दिसला. तो चेहरा त्यानं ह्याच गोडाऊनमध्ये कैक वेळा बघितला होता, ह्याच जागेवरून. फक्त तेव्हा तो प्रज्वलचा असायचा. दात आवळलेले, डोळ्यांत कुणीच नाही.

आपण धरलं म्हणजे कुणीतरी मारणारच. इतकी वर्षं हे त्याला कळत नव्हतं असं कसं म्हणावं? पण आज ते त्याला हाडात कळलं.

त्यानं तात्याला सोडलं. तात्या पोत्यासारखा खाली पडला, आणि आदिनाथ त्याला ओलांडून पुढं झाला. वरून येणारा पान्हा त्याच्या खांद्यावर बसला. तो तसाच तिच्या मागं गेला, तिच्या काखांतून हात घातले, आणि धरली. आपल्या पोरीला धरली.

“सोडा! आण्णा, सोडा मला! एकदाच! एकच मारते!” ती पाय झाडत होती, टाचांनी त्याच्या फुटलेल्या गुडघ्यावर लाथा मारत होती. तिचं काळीज त्याच्या छातीवर धडधडत होतं. आदिनाथ रडत होता, हुंदके देऊन, लहान पोरासारखा, पण त्यानं पकड सैल केली नाही.

“काम पायजे हुतं ना तुला? मिळालं की. मिळालं, पोरी. आता पान्हा टाक.”

बराच वेळ ती झगडली. भिंतीला चिकटलेली पोरं बघत होती, खाली तात्या कण्हत होता, आणि धरलेल्या माणसाला मारायला कुणी पुढं येत नव्हतं. शेवटी तिची बोटं सुटली आणि पान्हा फरशीवर पडला. आदिनाथनं तरीही तिला लगेच सोडलं नाही.